पान एकशे सतरा

मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ अजून फुटला नव्हता तेव्हा,
ग्रंथालयानं एकाच पुस्तकाच्या दोनशे चाळीस प्रती मागवल्या.
डेल्फिन थिबोदोनं खोकी फोडली
आणि गावभर पेरली ती पुस्तकं:
न्हाव्याकडे, बँकेत, डोनटच्या दुकानात नॅपकिनशेजारी,
अग्निशमन केंद्रात, जिथं सायरनची वाट बघत
माणसं पत्ते कुटतात.
वर चिकटवलेलं: सगळं गाव, एक पुस्तक.
एकवीस एप्रिल, संध्याकाळी सहा. सूप मिळेल.

सूप मिळेल म्हणून निम्मे आले, हे डेल्फिनच सांगते.
सूप मी केलं होतं.

पुस्तक कुठल्याशा दूरच्या मुलखातलं, एका विहिरीचं.
आधी शेळ्या मरतात.
मग दीडशे पानं कोणी काही बोलत नाही.
ओरेल मिशोनं अंगठ्यानं पान चाचपून बघितलं,
एकेचाळीस वर्षांच्या नोकरीचा अंगठा.
म्हणाला, कागद आपला नाही. आपला जाड असायचा.
लोक हसले.
गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली, तरी हसले.

इदिल वारसामे हॉस्पिटलच्या धुलाईघरात असते.
ती म्हणाली, दोर ओढायचं चुकीचं लिहिलंय.
असं नाही, असं.
आणि उभी राहून तिनं हवेतला दोर ओढला,
हातावर हात, हातावर हात.
बादली वर येईपर्यंत
कोणी चमचा उचलला नाही.

मग कोपऱ्यातून एर्व्हे.
त्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याला अक्षरं नाचताना दिसतात,
शाळेपासून. सुनेनं वाचून दाखवलं,
डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून, आठवड्यातून तीनदा.
त्यानं विचारलं,
एकशे सतराव्या पानावर ती बाई
रात्री पाणी परत विहिरीत का ओतते?

कोणाला सांगता येईना.

तो म्हणाला, मीही ओतायचो.
गिरणीचा करडा गाळ. अठरा वर्षं. ट्रकनं.
खत म्हणून फुकट द्यायचो, लोक आभार मानायचे,
एकीनं तर पाय दिला होता, ब्लूबेरीचा.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आमच्याकडे गिरणीचंही कोणी विचारत नसे.
तिनंच दात बसवले, चर्चचं छप्पर बसवलं,
खाल्ल्या मिठाची आठवण
प्रत्येक घरात एक खुंटीवर टांगलेली.

जोझेट पिनेटनं फक्त एवढंच विचारलं:
कुठली शेतं?

तो सांगत गेला.
टेकडीमागचं. दोन भावांचं. शाळेच्या पाठीमागचा उतार,
जिथं आता घसरगुंडी आहे.
कोणीतरी लिहून घेऊ लागलं, दुसरा कागद नव्हता म्हणून
पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर.
डेल्फिननं बघितलं.
समासात एक फूल काढलं म्हणून जिनं मला
सातवीत दंड केला होता, ती डेल्फिन.
ती काउंटरमागे गेली
आणि पेन्सिलींचा डबा घेऊन आली.

तेवढ्यात त्या अग्निशमनवाल्या पोरानं
वाडग्यात बघत विचारलं, सुपाला पाणी कुठलं?
मुद्दाम नाही. सहज.

सगळे माझ्याकडे बघू लागले.
माझ्या हातात पळी.
नळाचं, मी म्हणाले. दुसरं कुठलं असणार?
आणि माझा आवाज मलाच
कोणा दुसरीचा वाटला, त्या पुस्तकातलीचा म्हणा.

जूनपर्यंत एकशे ब्याण्णव प्रती परत आल्या.
शेवटच्या पानांवर शेतं, सालं, आडनावं,
एका पुस्तकात नुसताच नकाशा, लहान मुलाच्या हातचा,
नदी जांभळ्या खडूनं.
डेल्फिननं एकही पुसलं नाही. वेगळं कपाट केलंय.
राज्याचा माणूस बाटल्या घेऊन आला होता, नमुने नेले.
अजून काही कळवलेलं नाही.

उरलेल्या अठ्ठेचाळीस कोणाकडे आहेत, आम्हाला माहीत आहे.
मागायला कोणी जात नाही.
माझी इथंच आहे, ओट्यावर, मीठदाणीजवळ.
पातेलं नळाखाली धरते
आणि भरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते.